दंगल कुठे होत नाही?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरावीक शब्दांत येते. 'किरकोळ कारणावरून दोन गटांत दगडफेक, परिसरात तणावपूर्ण शांतता.' गट कोणते ते लिहिलेलं नसतं, पण गल्लीच्या नावावरून वाचणाऱ्याला कळतं. या बातमीतल्या 'किरकोळ' शब्दाशी मी दर वेळी अडखळतो. गाडीचा धक्का लागला, कोणाच्या तरी स्टेटसवर काहीतरी दिसलं, मिरवणूक एका जागी दहा मिनिटं जास्त थांबली. ही कारणं खरोखरच किरकोळ आहेत. पण अशी कारणं या देशात रोज घडतात. धक्का लागतो, दोघं एकमेकांना चार शब्द सुनावतात आणि आपापल्या कामाला लागतात. धर्म मध्ये येत नाही. मग एखाद्या गावात, एखाद्या संध्याकाळी, त्याच धक्क्याची दंगल कशी होते?

दंगल झाली की आपण 'का झाली' हे विचारतो, आणि उत्तरात जो तो आपापला इतिहास काढतो. प्रश्न उलटा केला तर मात्र हाताला काहीतरी लागतं. दंगल कुठे होत नाही? तेच दोन समाज, तसाच इतिहास, तेच सण, तेच मोबाइल, आणि तरीही होत नाही, ती कशामुळे?

मनातलं आणि हातातलं

आधी एक गाठ सोडवू. पूर्वग्रह, तणाव आणि हिंसा या तीन गोष्टींना आपण एकच समजतो. पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटण्याआधीच त्याच्याबद्दल ठरवून टाकलेलं मत. तणाव म्हणजे दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सावधपणे बघू लागतात ती अवस्था. हिंसा म्हणजे प्रत्यक्ष दगड, आग, सुरा. पूर्वग्रह साठत गेला की तणाव होतो आणि तणाव वाढला की हिंसा होते, अशी आपली समजूत असते. तसं असतं तर दंगली देशभर सारख्या पसरलेल्या दिसल्या असत्या, कारण पूर्वग्रह सगळीकडे आहेत.

प्रत्यक्षात चित्र वेगळं आहे. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा हिशेब मांडला. त्यात खेड्यांमध्ये झालेले मृत्यू 4 टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि तेव्हा देशातली बहुसंख्य माणसं खेड्यांतच राहत होती. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या 8 शहरांत मिळून एकूण मृत्यूंपैकी सुमारे 46 टक्के मृत्यू झाले होते. देशाच्या शहरी लोकसंख्येतला या शहरांचा वाटा मात्र 18 टक्क्यांच्या आसपास होता. चित्र कायम तसंच राहिलं असंही नाही. 2013 मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यात हिंसा खेड्यापाड्यांत शिरली. पण मूळ मुद्दा टिकतो: दंगल ही हवेसारखी सगळीकडे नसते, ती काही जागा धरून बसते.

म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. मनात दुसऱ्याबद्दल वाईट का येतं? आणि मनातलं हातात कधी येतं?

'तुम्ही तसे वाटत नाही'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांत हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ मला महत्त्वाचा वाटतो. तो पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून काही वर्षं काढली. आपण पोलिश ज्यू आहोत हे कळलं तर जगणार नाही, हे त्याला माहीत होतं. सुटून आला तेव्हा घरच्यांपैकी जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. माणसाच्या जिवाची किंमत तो कोणत्या गटात मोजला जातो यावर ठरते, हे त्याने असं शिकलं होतं.

1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्याने 14-15 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कोणतं आवडतं ते विचारलं आणि त्यावरून दोन गट केल्याचं सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात आणखी कोण आहे हे एकाही मुलाला माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला दोन अनोळखी मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले, स्वतःला काही घ्यायचं नाही. मुलांनी आपल्या गटातल्या मुलाला जास्त दिले, इथपर्यंत ठीक. पण बऱ्याच वेळा त्यांनी असा पर्याय निवडला ज्यात आपल्या गटालाही कमी मिळत होते, फक्त दुसऱ्या गटाशी असलेला फरक मोठा राहत होता. 'आम्हाला चार कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा वर राहिलो पाहिजे.' ना जुनं भांडण, ना धर्म, ना कोणी भडकवणारा. फक्त 'आपले' आणि 'ते' अशी रेघ.

रेघ ओढली की मन आणखी एक गोष्ट करतं. आपल्या बाजूची माणसं त्याला सुटी सुटी दिसतात आणि पलीकडची एकगठ्ठा. आपल्या समाजातला एखादा चोर निघाला तर तो चोर असतो. त्यांच्यातला निघाला तर 'ते लोक तसेच.' उलट त्यांच्यातला कोणी चांगला भेटला तर तो अपवाद ठरतो. 'तुम्ही तसे वाटत नाही हो' हे वाक्य किती सहज आणि किती प्रेमाने म्हटलं जातं! म्हणणाऱ्याला ती स्तुती वाटते. ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला पास केलं, बाकीचं घर नापासच आहे. म्हणूनच एक-दोन चांगले अनुभव आले तरी पूर्वग्रह हलत नाही. त्याने अपवादांसाठी वेगळा कप्पा केलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका मित्रासाठी मी भाड्याचं घर शोधत होतो. एजंटशी फोनवर मीच बोललो. दोन बेडरूम, तिसरा मजला, डिपॉझिट जमलं, चावी शेजारच्यांकडे आहे इथपर्यंत आलो. शेवटी त्याने भाडेकरूचं नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, 'मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीत चालत नाही.' सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले, 'आमचं काही नाही, घरमालकांना विचारा.' घरमालक म्हणाले, 'मला चालेल हो, पण बाकीचे मेंबर काय म्हणतील?' तिघंही नीट बोलले, एकाने तर चहा दिला. तिघांपैकी कोणालाही अडचण नव्हती, आणि घर मिळालं नाही. मित्राला घर गेल्याचं फारसं वाटलं नाही. त्याच्या सात वर्षांच्या मुलीने ते घर बघितलं होतं, तिला गॅलरी आवडली होती. 'तिला कारण काय सांगू?' एवढंच तो मला दोनदा म्हणाला.

त्या दिवसानंतर मला कळलं की पूर्वग्रह नेहमी द्वेषाच्या रूपात येत नाही. बऱ्याच वेळा तो दुसऱ्याच्या मनाचा अंदाज असतो. मला चालतं, पण इतरांना चालणार नाही. असं प्रत्येकजण धरून चालला की कोणालाच नको असलेला नियम सगळे मिळून पाळतात. अशा नियमाविरुद्ध तक्रारही करता येत नाही, कारण तो कोणी केलेलाच नसतो. नोकरीच्या अर्जांचंही असंच. भारतात संशोधकांनी एकसारख्या शिक्षणाचे अर्ज फक्त नाव बदलून खासगी कंपन्यांना पाठवले. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित आडनावांना कमी बोलावणी आली, मुस्लिम नावांना त्याहून बरीच कमी.

आदर आहे, शेजार नको

प्यू या अमेरिकी संस्थेने 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत भारतात जवळपास 30,000 लोकांशी 17 भाषांत बोलून एक मोठी पाहणी केली. 'खरा भारतीय' असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे, असं 84 टक्के लोक म्हणाले. धर्माधर्मांतली हिंसा ही देशापुढची फार मोठी समस्या आहे असं 65 टक्के हिंदूंनी सांगितलं आणि मुस्लिमांनीही तेवढ्याच, 65 टक्क्यांनी. एवढं वाचून बरं वाटतं.

त्याच पाहणीत पुढे आहे की आपले सगळे किंवा बहुतेक जवळचे मित्र आपल्याच धर्माचे आहेत, असं सांगणारे हिंदूंमध्ये 86 टक्के आणि मुस्लिमांमध्येही 86 टक्के होते. आपल्या समाजाच्या मुलींनी धर्माबाहेर लग्न करू नये म्हणून त्यांना अडवणं फार महत्त्वाचं आहे, असं 67 टक्के हिंदू आणि 80 टक्के मुस्लिम म्हणाले. मुस्लिम शेजारी नको असं 36 टक्के हिंदूंनी सांगितलं.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे आदराचा अर्थच पुष्कळदा 'तुम्ही तुमच्या जागी, आम्ही आमच्या जागी' असा असतो. शतकानुशतकं जातीच्या वस्त्या वेगळ्या ठेवून जगलेल्या समाजाला हा आदर अंगवळणी पडलेला आहे. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, रोजचा दिवस शांततेत जाण्यापुरता तो पुरतो. पण वस्त्या वेगळ्या असल्या की गरजेच्या वेळी हाताशी माणूस नसतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं भीतीपोटी ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेली. दुसरीकडे कितीतरी इमारतींतून उरलेसुरले मिश्र मजले संपले. त्यानंतर जन्मलेली मुलं आता संसाराला लागली. त्यांच्यातल्या अनेकांच्या वर्गात, गल्लीत, क्रिकेटच्या टीममध्ये दुसऱ्या धर्माचं एकही मूल नव्हतं. ती दुसऱ्या समाजाला मोबाइलवरूनच ओळखतात.

ठिणगी ते आग

आता दुसरा प्रश्न, मनातलं हातात कधी येतं? उत्तर प्रदेशातल्या शहरांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे पॉल ब्रास यांनी याची मांडणी नाटकाच्या भाषेत केली, आणि मला ती पटते. दंगलीची आधी तालीम होते, मग प्रयोग होतो आणि शेवटी त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तालीम म्हणजे छोट्या कुरबुरी जिवंत ठेवणं. इथे एक फलक, तिथे एक घोषणा, कोणाचं लग्न, कोणाची गाय. हे काम करणारी माणसं ठरलेली असतात आणि गावाला ती माहीतही असतात. प्रयोगाची वेळ सहसा तेव्हा येते जेव्हा त्यातून कोणाचा तरी फायदा असतो, बऱ्याच वेळा निवडणुकीच्या तोंडावर. आणि नंतर 'ही लोकांची उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती' असं सांगितलं जातं. एकदा ती उत्स्फूर्त ठरली की जबाबदार कोणीच उरत नाही.

मिरवणूक जवळून बघितली तर यातलं बरंचसं दिसतं. मार्ग परवानगीत लिहिलेला असतो. प्रार्थनास्थळासमोर वाद्य बंद करायचं, तिथे थांबायचं नाही, अमुक वाजेपर्यंत चौक ओलांडायचा, हे सगळं ठरलेलं असतं. बहुसंख्य मिरवणुका हे पाळूनच जातात. बिघडते तेव्हा पुढचा ट्रॅक्टर नेमका तिथे रेंगाळतो, घोषणा देवाच्या नावावरून शेजाऱ्याच्या नावावर घसरते, गुलाल भिंतीवर पडतो, कुठल्यातरी गच्चीवरून एक दगड येतो. तो दगड पहिला कोणी मारला, हे नंतर ठरवता येत नाही. आणि एव्हाना त्याने काही फरकही पडत नाही.

दगडाच्या पुढे धावते ती अफवा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेतून, चोर समजून, मारले गेले. त्यानंतर दुसरी अफवा सुटली, की मारणारे मुसलमान होते. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगावं लागलं. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले होते, दुसरी आणखी घेऊ शकली असती.

अफवा इतकी पटते कशी? ती सहसा आपल्या मनात आधीपासून असलेली गोष्ट सांगते आणि ओळखीच्या माणसाकडून येते. टीव्हीवर कोण बोलतंय त्यापेक्षा आपल्या मावशीने, आपल्या वर्गमित्राने पाठवलेलं आपण लवकर मानतो. ती खोटी आहे हे सांगणारा माणूस पलीकडच्या गल्लीत असतो आणि त्याचा नंबर आपल्याकडे नसतो. मला वाटतं सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

या आगीत फक्त एकाच समाजाचं जळतं, असा समज कोणी करून घेऊ नये. दिल्लीत 1984 मध्ये सरकारी आकड्यानुसारच 2,733 माणसं मारली गेली, बहुतेक सगळी शीख. 1990 मध्ये काश्मीर खोऱ्यातून पंडित कुटुंबं रातोरात बाहेर पडली. 2008 मध्ये ओडिशातल्या कंधमालमध्ये ख्रिस्ती आदिवासी आणि दलितांची गावं जळली. इथे प्रत्येक समाज कुठे ना कुठे थोडा आहे.

भिवंडी, डिसेंबर 1992

भिवंडीचं नाव एकेकाळी दंगलीला जोडूनच घेतलं जायचं. 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे मोठी दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. 1984 मध्ये पुन्हा दंगल झाली. यंत्रमागांचं दाटीवाटीचं गाव, गरिबी, बाहेरून आलेले कामगार, सगळी लक्षणं तयार. 6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि पाठोपाठ शेजारची मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत 900 माणसं मेली, असं या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. भिवंडी शांत राहिली.

याच्या मागे चार वर्षांचं काम होतं. 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी एक साधी गोष्ट हेरली. शांतता समिती सगळ्या गावांत असते. तिच्यात आमदार, नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मौलाना, मोठे व्यापारी असतात. सणाआधी बैठक होते, भाषणं होतात, फोटो निघतात. यातल्या काहींची पुढारपणाची दुकानं तणावावरच चालतात, आणि दंगलीच्या रात्री गल्लीतली पोरं यांचं ऐकत नाहीत. खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात वेगळ्या समित्या उभ्या केल्या, सुमारे 70. त्यांत पुढारी टाळून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि पोलीस ठाण्यातले कर्मचारी त्यांच्यासोबत नियमित बसू लागले. संकट आल्यावर बोलवायची ही समिती नव्हती, ती संकट नसतानाही भेटायची. त्यामुळे कोण कुठे राहतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे, अफवा आली तर कोणाला विचारायचं, हे सगळ्यांना आधीच माहीत झालं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी वाटते की डिसेंबर 1992 मध्ये खोपडे भिवंडीत नव्हते, त्यांची बदली झालेली होती. त्यांनी घालून दिलेली पद्धत त्यांच्यामागेही चालू राहिली, कारण ती एका चांगल्या साहेबाच्या वजनावर उभी नव्हती. मुंबईनेही दंगलीनंतर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यात माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं पुढे होती.

वार्ष्णेय यांनी दंगलग्रस्त अलीगढची तुलना केरळमधल्या शांत कोळिकोडशी केली तेव्हाही हेच हाती आलं. दोन्ही शहरांत मुस्लिमांचं प्रमाण मोठं आहे. कोळिकोडमध्ये 83 टक्के लोक म्हणाले की आम्ही दुसऱ्या समाजाच्या लोकांसोबत अनेकदा जेवतो, अलीगढमध्ये 54 टक्के. पण नुसतं येणं-जाणं आणि फराळाची ताटं यांना मर्यादा असते, हेही त्यांनी दाखवलं. शेजारधर्माला मोठ्या शहरात आणि मोठ्या वादळात टिकणं कठीण जातं. टिकतात त्या संस्था: व्यापाऱ्यांच्या संघटना, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब, जिथे दोन्ही समाजांची माणसं कामासाठी एकत्र बांधलेली असतात. दंगल झाली तर कोळिकोडच्या व्यापाऱ्याचा माल अडकतो, उधारी बुडते, म्हणून तो स्वतः फोन उचलतो. अलीगढमध्ये तणावाच्या वेळी गल्लीरक्षक दलं उभी राहायची, पण ती आपापल्या समाजाची. रात्रभर जागणारी, घाबरलेली, एकाच बाजूची माणसं एकत्र बसली की अफवा थांबत नाही, वाढते.

एकत्र खेळवलं की झालं का?

लोकांना जवळ आणा, गैरसमज आपोआप जातील, असं आपण नेहमी म्हणतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच याला अटी घातल्या होत्या. दोन्ही बाजू बरोबरीच्या नात्याने भेटल्या पाहिजेत, समोर एकच काम पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होता कामा नये, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा पाहिजे. मालक आणि मोलकरीण वर्षानुवर्षं एका घरात वावरतात, म्हणून त्यांच्यातली दरी बुजत नाही.

मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. जे मिश्र संघातून एकत्र खेळले त्यांच्यात दुसऱ्या जातीचे मित्र वाढले. जे एकमेकांविरुद्ध खेळले त्यांच्यात तसा फायदा दिसला नाही, काही बाबतीत उलटच झालं. 'हिंदू इलेव्हन विरुद्ध मुस्लिम इलेव्हन, सद्भावना चषक' भरवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांनंतर ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घालून सल्मा मूसा यांनी असाच प्रयोग केला. मैदानावरची मैत्री टिकली, पुढच्या मोसमातही ते मिश्र संघात खेळायला तयार होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलची भीती तशीच राहिली. एकत्र येण्याने माणूस बदलतो, पण सावकाश, आणि जिथे एकत्र आला तेवढ्याच जागेत.

कायद्याबद्दल थोडक्यात. संविधानाच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. दोन समाजांत वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या 196 व्या कलमाखाली गुन्हा आहे. झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. कायदा हवाच, आणि पोलिसांना 'थांबवा' असा स्पष्ट आदेश वरून आला की दंगल फार काळ चालत नाही, हे राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन विल्किन्सन यांच्या अभ्यासातून नीट दिसतं. पण कायदा बहुधा दगड पडल्यावर पोहोचतो.

सलूख

'सहिष्णुता' हा शब्द मला पूर्ण पटत नाही. त्याच्या मुळाशी सहन करणं आहे. सहन करणारा वर आणि ज्याला सहन केलं तो खाली, असं त्यात येतंच. मराठीत 'सलोखा' हा जास्त कामाचा शब्द आहे. जुन्या कागदपत्रांत त्याच घरचा 'सलूख' हा शब्द तहासाठी येतो. तह म्हणजे अटी, बोलणी, देणं-घेणं. त्यासाठी एकमेकांवर प्रेम असण्याची गरज नसते. आणि तह वेळोवेळी नव्याने करावा लागतो.

सांगली जिल्ह्याकडे बघा. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून मशिदीत गणपती बसतो. पावसामुळे मूर्ती आत नेली गेली आणि प्रथा पडली. गणेशोत्सवात बकरी ईद आली तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी नमाज पढली, कुर्बानी त्या दिवशी केली नाही. त्याच जिल्ह्यात मिरज आहे. मिरासाहेबांचा दर्गा, तिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणारा संगीत उत्सव, आणि देशभरच्या गायकांना तंबोरे पुरवणारी मुस्लिम कारागीर घराणी. एवढा वारसा असलेल्या मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात अफझलखानवधाच्या कमानीवरून दंगल झाली. जुन्या सलोख्याच्या गोष्टी अभिमानाने सांगत राहिलं म्हणून नवा तह होत नाही.

आणि आपल्या पंचांगात तो पुन्हा पुन्हा करावाच लागतो. हिजरी वर्ष आपल्या सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. पण हिजरीचे आणि आपल्या पंचांगाचे महिने दोन्ही चंद्रावर चालतात, म्हणून भाद्रपदाशी जो मुस्लिम महिना जुळतो तो दोन-तीन वर्षं जुळलेला राहतो, मग अधिक मास येतो आणि जोडी बदलते. 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षं मोहरमची दहावी गणेशोत्सवात आली. 2023, 2024 आणि 2025 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकमेकांना चिकटून आल्या. 2023 मध्ये दोन्ही एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला. मुंबईत एकाच दिवशी विसर्जनाची गर्दी आणि ईदचा जुलूस! मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला, सरकारने सुट्टी 29 तारखेला केली. पुढच्या वर्षी तो 18 सप्टेंबरला नेला, त्याच्या पुढच्या वर्षी 8 सप्टेंबरला. त्याच 2023 मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद 29 जूनला एकत्र आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं.

प्रत्येक वेळी कोणीतरी कोणालातरी फोन केला असणार, दोन-चार बैठका झाल्या असणार, तरुण पोरांची समजूत काढावी लागली असणार. 'दर वेळी आपणच का मागे सरायचं?' हा प्रश्नही आला असणार, आणि तो चुकीचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसतात आणि मोहरम जुळला की पंजे आणि मूर्ती शेजारी शेजारी असतात, तिथे त्या प्रश्नाचं उत्तर गावाने जागा वाटून घेऊन दिलं आहे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ईद-ए-मिलाद गणेशोत्सवाच्या आधीच होऊन जाते. ती भाद्रपदाच्या चतुर्दशीशी पुन्हा जुळायला तीस-बत्तीस वर्षं लागतील. तेव्हा फोन करणारी माणसं वेगळी असतील, आत्ता ती शाळेत आहेत.